लिहिता येणारी चिप आणि चाकणचे डिझेल

१ डिसेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगन समूहाने भारतात विकलेल्या ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावत असल्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. पोलो, व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड ही त्यांतली खपाची मॉडेल पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात तयार होत. ऑडी आणि स्कोडाच्या मोठ्या गाड्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातून येत. विकलेली गाडी परत बोलावण्याची वेळ वाहन उद्योगावर अधूनमधून येतेच, पण तेव्हा कारण बहुधा हातात धरता येण्याजोगे असते: ब्रेकचा पाइप, एअरबॅग, वायरिंगचा एखादा जोड. या वेळी मुख्य दुरुस्ती करायची होती ती इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधल्या एका चिपवर लिहिलेल्या मजकुरात. तो मजकूर पुसून दुसरा लिहायचा होता.

यंत्राच्या चिपवर कायम मुक्कामाला असलेल्या आणि यंत्र सुरू होताच सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या अशा प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. तो पुन्हा लिहिता येतो ही सोय आहे आणि धोकाही. हा धोका आधी वैयक्तिक संगणकात दिसला आणि मग गाड्यांमध्ये आला, म्हणून चाकणची गोष्ट सांगायची तर सुरुवात संगणकापासून करावी लागते.

१९८१ च्या आयबीएम पीसीत सुरुवातीचा प्रोग्राम, म्हणजे बायोस, रॉम चिपमध्ये होता. कारखान्यात एकदा कोरला की तो बदलण्याचा मार्गच नव्हता. चूक निघाली तर चिप बदला. पुढे अनेक मदरबोर्डांवर ईप्रॉम आली. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असे आणि त्या खिडकीवर अतिनील प्रकाश पाडला की आतला मजकूर पुसला जाई. उन्हाने किंवा ट्यूबलाइटने आपोआप पुसला जाऊ नये म्हणून खिडकीवर कागदी लेबल चिकटवलेले असे, आणि त्या लेबलावरच बायोसची आवृत्ती छापलेली असे. अशा चिपवर लिहायचे तर ती बोर्डवरून उपटून वेगळ्या यंत्रात घालावी लागे. थोडक्यात, लिहिणाऱ्या माणसाला संगणकाचे खोके उघडावेच लागे.

तोशिबातील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरीची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये इंटेलने तशी चिप बाजारात आणली. पेंटियमच्या काळापर्यंत, म्हणजे १९९५ च्या आसपास, बायोस सर्रास फ्लॅशमध्ये गेला. आता मजकूर विजेच्या संकेतांनी पुसता येत होता आणि तोही बोर्डवरच, संगणक चालू असताना. मदरबोर्ड बनवणाऱ्यांना हे वरदान वाटले. नवा प्रोसेसर आला, मोठी हार्ड डिस्क आली, २००० सालाचा घोळ निस्तरायचा झाला, की एक फ्लॉपी पाठवली किंवा फाइल उतरवून घ्या म्हटले की काम झाले. जे काम फ्लॉपीवरचा चांगला प्रोग्राम करू शकतो ते वाईट प्रोग्रामही करू शकेल, हे तेव्हा कोणाला कळत नव्हते असे नाही. काही बोर्डांवर लेखन रोखणारा जंपर होता. पण ग्राहकाला खोके उघडून जंपर हलवायला सांगणे विक्रेत्यांच्या जिवावर येई, आणि बहुतेक बोर्ड लेखनाला मोकळेच ठेवलेले असत.

पाटी कोरी करण्याची ही संधी जून १९९८ मध्ये तैवानमधल्या तातुंग संस्थेचा विद्यार्थी चेन इंग-हाउ याने साधली. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून व्हायरसला सीआयएच नाव मिळाले. जेमतेम एक किलोबाइटचा हा व्हायरस प्रोग्रामच्या फाइलमधल्या रिकाम्या फटींत तुकड्या-तुकड्यांनी बसे, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि संशयही येत नसे. तो विंडोज ९५ आणि ९८ वर चाले. ठरलेल्या तारखेला तो दोन कामे करी: हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या एक मेगाबाइटवर शून्ये लिही, आणि बायोसच्या फ्लॅशवर कचरा लिहिण्याचा प्रयत्न करी. इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटवर आणि तशाच काही बोर्डांवर हा प्रयत्न साधत असे. तारीख होती २६ एप्रिल. चेर्नोबिल दुर्घटनेचा दिवसही तोच, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणू लागले. व्हायरस चोरट्या सॉफ्टवेअरच्या सीडींवरून पसरला, पण अधिकृत मालातूनही पसरला. यामाहाच्या सीडी रायटरसाठी ग्राहकांना दिलेल्या फर्मवेअर अपडेटच्या प्रोग्राममध्येच तो शिरलेला होता. दुरुस्तीचा मार्ग आणि रोगाचा मार्ग एकच असल्याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

२६ एप्रिल १९९९ ला दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात सर्वाधिक हानी झाली. भारतातही संगणक बंद पडले. व्हायरस भारताला नवे नव्हते. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये राहणारा आणि ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावणारा ‘जोशी’ १९९० मध्ये भारतातच सापडला होता. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी पुण्यात १९९५ मध्ये क्विक हील हे अँटिव्हायरस बाजारात आणले, तेही अशाच व्हायरसांनी बेजार झालेल्या संगणकांची दुरुस्ती करता-करता. पण आधीच्या सगळ्या व्हायरसांवर एक हमखास उतारा होता: डिस्क फॉरमॅट करा, सगळे नव्याने टाका. बायोस पुसला गेलेल्या संगणकावर हा उतारा चालत नव्हता. पंखा फिरे, दिवा लागे, पण पडदा काळाच राही आणि बीपही वाजत नसे, कारण डिस्क, फ्लॉपी, कीबोर्ड यांना ओळखायला शिकवणारा प्रोग्रामच नाहीसा झालेला असे. ज्यांच्याकडे प्रोग्रामर यंत्र नव्हते ते दुरुस्ती करणारे एक धाडसी युक्ती करत. तसाच दुसरा बोर्ड चालू करायचा, तो सुरू झाल्यावर त्याची चांगली चिप चालू विजेतच हलक्या हाताने उपटायची, त्या सॉकेटमध्ये मेलेली चिप बसवायची आणि फ्लॅश करायचा प्रोग्राम चालवायचा. पायांची दिशा चुकली तर दोन्ही बोर्ड गेले. चिप सोल्डर केलेली असेल तर बोर्ड भंगारातच जाई.

या प्रकरणाचा धडा संगणक उद्योगाने सावकाश घेतला. आधी लेखन रोखण्याच्या सोयी आल्या, मग चिपवर लिहिण्यापूर्वी मजकुरावर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही हे तपासण्याची पद्धत आली, आणि २०१२ नंतर विंडोज ८ च्या संगणकांबरोबर, संगणक सुरू होतानाही सही तपासणारे सिक्युअर बूट घरोघरी पोहोचले. दरम्यान हल्लेखोरही सुधारले होते. सीआयएचने चिप पुसली. नंतरच्यांनी ती न पुसता तीत घर केले. सप्टेंबर २०१८ मध्ये ईसेट कंपनीने उघड केलेला लोजॅक्स मदरबोर्डच्या फ्लॅशमध्येच राहत असे. हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकली, तरी संगणक सुरू होताच तो पुन्हा आपली माणसे आत सोडी. नेहमीच्या अँटिव्हायरसची नजर तिथवर सहसा जात नव्हती. चिप पुसणारा व्हायरस त्याच दिवशी पकडला जातो. चिपवर मुक्काम ठोकणारा वर्षानुवर्षे सापडत नाही.

आता गाड्यांकडे वळू. चाकणजवळच्या पिंपरी-चिंचवडच्या वाहन उद्योगाचा चिपशी संबंध उशिरा आला. टाटांच्या टेल्कोने ३० डिसेंबर १९९८ रोजी बाजारात आणलेली, पिंपरीत बनणारी इंडिका डिझेल यांत्रिक पंपावर चाले. तिच्या इंजिनात किती इंधन जायचे हे स्प्रिंगा आणि दट्टे ठरवत. कसबी मेकॅनिक पाना आणि कान यांच्या भरवशावर ते जुळवत असे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे हे काम माणसाच्या हातून गेले. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधन किती, किती दाबाने, कोणत्या क्षणी सोडायचे आणि धुराचा किती भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत सिलिंडरात फिरवायचा, हे ईसीयू ठरवतो. ईसीयू म्हणजे फ्लॅश चिप असलेला छोटा संगणकच. एप्रिल २०१० पासून मोठ्या शहरांत बीएस-४ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि त्यांच्यासोबत स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या आतल्या निदान यंत्रणेचा, सॉकेट आला. मेकॅनिकच्या पान्याची जागा लॅपटॉपच्या केबलने घेतली. त्याच सॉकेटमधून अधिकृत वर्कशॉप प्रोग्राम बदलू लागले आणि त्याच सॉकेटमधून ‘रीमॅप’ करून देणारेही इंजिनाची ताकद वाढवून देऊ लागले. जुन्या गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर कमी करण्याचा धंदाही यातूनच सोपा झाला.

फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला. आधी स्कोडा फाबिया आणि डिसेंबरपासून पोलो तिथून बाहेर पडू लागली. पोलोत १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे आणि व्हेंटो-रॅपिडमध्ये १.६ लिटरचे टीडीआय डिझेल इंजिन असे. ही दोन्ही ईए १८९ या कुळातली. २०१४ मध्ये त्यांच्या जागी आलेले १.५ लिटरचे इंजिनही याच कुळातले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांना पुढे ज्या प्रकरणाने घेरले ते या कुळाच्या फर्मवेअरमधले होते.

प्रकरण उघडले ते चाकणपासून दूर, अमेरिकेत. २०१३-१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने डिझेल गाड्यांना धूर मोजणारी उपकरणे बांधून त्या रस्त्यावर चालवल्या. या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीय वंशाचे संशोधकही होते. प्रयोगशाळेत चोख निघालेली फोक्सवॅगनची जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडताना दिसली. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर जाहीर ठपका ठेवला आणि पाच दिवसांनी कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले.

भारत सरकारने तपासणी पुण्यातल्या एआरएआय या संस्थेकडे सोपवली. १९६६ मध्ये स्थापन झालेली, वेताळ टेकडीवरची ही संस्था देशातल्या गाड्यांना बाजारात उतरण्यापूर्वी प्रमाणपत्र देते. तेव्हा तिच्या संचालक रश्मी ऊर्ध्वरेषे होत्या. एक अवघड गोष्ट इथे स्पष्टपणे नोंदवायला हवी. अशा गाड्या पास करणारी यंत्रणा आणि आता पुन्हा तपासणारी यंत्रणा एकच होती, आणि तिने आधीच्या तपासणीत काही हयगय केली होती असे म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने ११८० सेकंद चालवायची आणि धूर पिशव्यांत गोळा करून मोजायचा, एवढेच परीक्षेत होते. रोलरवर गाडी उत्तीर्णच होत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये रस्त्यावरच्या चाचणीचे आकडे आले: बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट. अवजड उद्योग मंत्रालयाने कंपनीला नोटीस दिली आणि पाठोपाठ रिकॉलची घोषणा झाली. कंपनीने पुढे सातत्याने मांडलेली बाजू अशी की भारतात तिने बीएस-४ चा भंग केलेला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत रस्त्यावरच्या चाचणीची मर्यादाच नव्हती. नियमाच्या शब्दांवर हा युक्तिवाद टिकण्यासारखा आहे. रोलरवर आणि रस्त्यावर गाडी वेगळी का वागते या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नाही.

उत्तर चिपमध्ये होते आणि ते शोधले बाहेरच्यांनी. जर्मन संशोधक फेलिक्स डोम्के याने आपल्या फोक्सवॅगन शारानमध्ये असतो तसा ईसीयू ऑनलाइन बाजारातून विकत घेतला, त्यातले फर्मवेअर काढून वाचले आणि डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या हॅकर परिषदेत ते मांडले. इंजिन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला आणि गाडी किती अंतर चालली याची नोंद प्रोग्राम ठेवत होता. चिपवर काही वक्र साठवलेले होते. प्रत्येकाला वरची आणि खालची सीमा. गाडीची वाटचाल यांपैकी एखाद्या पट्ट्यात राहिली तोवर धूर स्वच्छ ठेवण्याची व्यवस्था पूर्ण जोमाने चाले. पट्टा सोडला की गाडी रस्त्यावर आहे असे समजून ती ढिली पडे. वक्र सरकारी परीक्षांच्या वेगपत्रकाशी जुळत होते. नावाला हे सगळे ‘ध्वनी’विषयक कार्य म्हणून नोंदलेले होते. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातील किरिल लेवचेन्को आणि सहकाऱ्यांनी ९२६ फर्मवेअर फाइल तपासल्या आणि चारशेहून अधिक फाइलींत अशी युक्ती दाखवून दिली. या संशोधनाला आधार मिळाला तो बॉश कंपनीच्या ईसीयूच्या अंतर्गत कागदपत्रांचा, आणि ते कागद फिरत होते रीमॅप करणाऱ्यांच्या वर्तुळात. ज्यांना कंपन्या घुसखोर म्हणतात त्यांच्याच साठ्यातून घुसखोरीपेक्षा मोठा दोष उघड झाला.

चाकणच्या आणि शेंद्र्याच्या गाड्यांची दुरुस्ती एआरएआयच्या मान्यतेने, मॉडेलनिहाय टप्प्याटप्प्याने झाली. अशी दुरुस्ती वर्कशॉपमध्ये पाहायला फारशी नाट्यमय नसते. आधी बॅटरीला चार्जर लावतात, कारण लिहिताना व्होल्टेज पडले तर ईसीयू कामातून जातो; दिवे, एसी, रेडिओ बंद. इग्निशन चालू, इंजिन बंद. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल, लॅपटॉपवर सरकणारी पट्टी. जुना मजकूर पुसला जातो, नवा लिहिला जातो, मग बेरीज जुळते की नाही हे तपासून ईसीयू परत जागा होतो. गाडीवर ओरखडाही उठत नाही, आणि आधी चिपवर काय होते ते सांगायला गाडीत काहीच उरत नाही.

पुढची लढाई न्यायालयांत गेली. दिल्लीतल्या काही जणांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले. लवादाच्या तज्ज्ञ समितीत एआरएआय आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे प्रतिनिधी होते. दिल्लीत २०१६ या एका वर्षात या गाड्यांनी सुमारे ४८.७ टन नायट्रोजन ऑक्साइड जास्तीचे सोडले असा अंदाज तिने दिला आणि आरोग्याची हानी १७१.३४ कोटी रुपयांची ठरवली. ७ मार्च २०१९ रोजी लवादाने दंड ५०० कोटींवर नेला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीच्या सक्तीला स्थगिती दिली. ग्राहकाची फसवणूक केल्याच्या उत्तर प्रदेशातील गुन्ह्याची नोंद रद्द करण्याची कंपनीची मागणी मात्र त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये फेटाळली.

२०१५ च्याच जुलैमध्ये, डिझेल प्रकरणाच्या दोनच महिने आधी, धोक्याची दुसरी बाजू समोर आली होती. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी अमेरिकेत धावत्या जीप चेरोकीच्या करमणूक यंत्रणेत मोबाइल नेटवर्कवरून शिरून तिच्यातल्या एका चिपचे फर्मवेअर बदलले आणि त्या वाटेने ब्रेक-स्टिअरिंगच्या वायरवर आज्ञा पाठवल्या. जीपच्या कंपनीला १४ लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर करावा लागला. मालकांना टपालाने पेन ड्राइव्ह पाठवले गेले. दुरुस्ती पुन्हा त्याच मार्गाने, चिपवर नवे लिहून. जीपचे उत्पादन पुढे २०१७ मध्ये चाकणपासून फार दूर नसलेल्या रांजणगावात सुरू झाले.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की या विषयातली खरी अडचण दिसते. जीपच्या प्रकरणाचा उपाय म्हणजे चिपला कुलूप: सहीशिवाय लिहिणे नाही, शक्यतो वाचणेही नाही. कुलूप पक्के झाले की बाहेरचा चोर अडतो, तसाच डोम्केसारखा तपासनीसही अडतो, आणि किल्ली राहते ती ज्याने वक्र लिहिले त्याच्याकडे. सीआयएचपासून लोजॅक्सपर्यंत संगणक उद्योगाने गृहीत धरले की धोका बाहेरून येतो आणि कंपनीची सही म्हणजे भरवसा. ईए १८९ च्या फर्मवेअरवर सही असती तर ती कंपनीचीच असती.

नियमकर्त्यांनी यातून दोन वाटा काढल्या. पहिली वाट मजकूर न वाचण्याची. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात रस्त्यावरच्या प्रत्यक्ष वापरातले उत्सर्जन मोजणे बंधनकारक झाले. गाडीच्या मागे उपकरणाची पेटी लटकवून ती गर्दीत, घाटात, हमरस्त्यावर चालवायची, म्हणजे ठराविक पट्टाच उरत नाही. फोक्सवॅगनने तोवर, बीएस-६ लागू होताच २०२० मध्ये, भारतातल्या पोलो-व्हेंटोतून डिझेल काढून टाकले होते. दुसरी वाट नोंदीची. जून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत सायबर सुरक्षेचा १५५ आणि सॉफ्टवेअर अपडेटचा १५६ क्रमांकाचा नियम मंजूर झाला. त्यांना समांतर एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही भारतीय मानके पुण्यातच आकाराला आली. प्रमाणपत्राशी संबंधित सॉफ्टवेअर बदलले तर त्याचा ओळख क्रमांक बदलायचा, कोणत्या गाडीत कोणती आवृत्ती कधी गेली याची नोंद ठेवायची आणि ती तपासणी संस्थेला दाखवायची, असा त्यांचा आशय आहे. चिपवरचा मजकूर ओळीने वाचून पाहण्याचे बंधन या मानकांत नाही.